दोरीला लागलेला हात

माझ्या उजव्या तळहातावर, करंगळीच्या मुळाशी, एक पांढरट रेघ आहे. फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना ती दिसते. काथ्याच्या दोरीनं सोललेल्या कातडीची ती खूण. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मालवणपासून थोड्या अंतरावर आमची वाडी. त्या सकाळी रापण ओढायला माणसं कमी पडली होती, म्हणून आजोबांनी मला आणि माझ्या चुलत भावाला रांगेच्या शेवटाला उभं केलं. लाट आत येते तेव्हा दोरी सैल पडते, माघारी जाते तेव्हा ताठ होते. सैल पडली की ओढायचं, ताठ झाली की नुसतं धरून ठेवायचं. मी नेमकं उलटं करत होते. हात सोलला, रडले, पण दोरी सोडली नाही. दुपारी वाटे पडले तेव्हा माझ्या फ्रॉकच्या ओच्यात चार पेडवे आले. त्या चार पेडव्यांचं तिखलं आजीनं वेगळ्या वाटीत वाढलं. सगळ्यांना सांगत होती, ही आमच्या चेडवाची कमाई.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर ठेवतात. होडी घडी घातलेलं जाळं घेऊन आत जाते, ते अर्धगोलात सोडत येते आणि दुसऱ्या टोकाची दोरी बऱ्याच अंतरावर परत वाळूला लावते. मग माणसांच्या दोन रांगा दोन्ही दोऱ्या ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. मध्ये बारीक आसाची खोळ असते, मासळी शेवटी तिच्यात गोळा होते. दोन-तीन तास सहज जातात. एका रापणीला तीस-चाळीस माणसं लागत. कोण कधी कुठे रापण टाकणार याच्या पाळ्या ठरलेल्या. मासळी बघणारा एक जाणता माणूस असे. पाण्याचा रंग कुठे काळपट झाला, पक्षी कुठे घिरट्या घालतायत, हे तो वाळूवर उभा राहून ओळखायचा. अमावास्येच्या आसपास तर बांगड्याचा थवा पाण्याखालून जाताना पाणी चमकायचं, आणि त्या चमकेवरून थवा केवढा आहे त्याचा अंदाज यायचा.

पण मला सांगायचं आहे ते वाट्याबद्दल. आधी जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा वाटा, मग माणसांचे वाटे. माणसं म्हणजे कोण, याचा नियम आजोबा एका वाक्यात सांगायचे. "दोरयेक हात लावल्यान तेका वाटो देवक व्हयो." हात किती जोराचा, याची चौकशी नाही. आमच्या शेजारी एक काकी होत्या, नवरा दर्यात गेलेला. त्या रोज दोरीपाशी यायच्या, आणि कंबर धरली असली तरी दोरीला हात लावून जायच्या. एक म्हातारा ओढू शकत नव्हता, तो ओढून आलेल्या दोरीची वेटोळी घालत बसायचा. त्यालाही वाटा. तांडेल असलेल्या आजोबांना मी एकदा विचारलं होतं, काकी तर ओढतच नाहीत, मग? त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे असं पाहिलं की तो प्रश्न मी पुन्हा कधी विचारला नाही.

तरीही मला जुन्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. ते गाणारे बहुतेक वेळा पेज पिऊन झोपलेले नसतात. आजीकडून मी ऐकलंय. तिच्या तरुणपणी जाळी सुताची होती. सूत भिजलं की कुजायचं, म्हणून ऐनाची साल उकळून तिच्या काढ्यात जाळं बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. हात कोपरापर्यंत तपकिरी. एवढं करूनही जाळं फार टिकत नसे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून होडी बाहेर जायची, दुपारी खारा वारा सुटला की त्यावर परतायची. वारा पडला तर वल्ही. आजोबांचे दोन्ही खांदे पुढे आलेले होते, उताणं झोपताना त्यांना उशी खांद्याखाली घ्यावी लागे. आणि मासळी भरपूर लागली तरी बर्फ नव्हता. सगळ्यांची होडी भरून आली त्या दिवशी बांगड्याला कुणी विचारत नसे. बायका पाटी डोक्यावर घेऊन सात-आठ मैल आत जायच्या, उरलेलं मीठ लावून वाळवायच्या, त्याहून उरलेलं माडाच्या बुंध्यात खत म्हणून पुरायच्या. पावसाळ्यात मग सुको गोलमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आणि भात, आणि तोही मोजून.

म्हणून नायलॉन आलं तेव्हा आजीनं त्या दोऱ्याला हात जोडले होते म्हणे. न कुजणारा दोरा. त्या एका दोऱ्यानं बायकांची किती आयुष्यं मोकळी केली, हे कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. यांत्रिकीकरणाच्या गोष्टी इंजिनापासून सुरू होतात, जाळ्याच्या सुईपासून नाही.

इंजिन आमच्या घरी १९८८ साली आलं, मी पाचवीत होते. केरोसीनवर चालणारं, होडीच्या मागे लावायचं आऊटबोर्ड. घरात सगळे त्याला मशीनच म्हणायचे. बाबांनी कर्ज काढलं होतं. पहिल्या दिवशी ते परत आले तेव्हा वाळूवर उतरून म्हणाले, "आता वाऱ्याची वाट बघूक नको." किनाऱ्यावरचे दोघे-तिघे म्हातारे हसले, पण दुसऱ्या वर्षी त्यांच्याही मुलांनी मशीन घेतलं. संध्याकाळी बाबा मशीन काढून अंगणात आणायचे, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून थोडा वेळ चालवायचे, आतलं खारं पाणी धुवून निघावं म्हणून. पिंपातलं पाणी उसळून अंगणभर व्हायचं, आम्ही पोरं त्यात नाचायचो. मग कोरडं पुसून, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ते माजघरात ठेवायचे. आमच्या घरात कुठल्या बाळाला इतकं जपलेलं मी पाहिलं नाही.

त्या मशीननं आमची शिक्षणं केली. मी बीएड झाले, कोल्हापूरला शिक्षिका झाले, ते त्या धुराच्या जिवावर. हे मी विसरत नाही, म्हणूनच पुढचं लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं.

दर्याला पूर्वी कुलपं होती. लांब गेलं की परतायचं कसं, हे एक कुलूप. रात्रीचा काळोख हे दुसरं. खोली हे तिसरं, कारण तळाशी काय आहे ते कुणाला दिसत नसे आणि तिथपर्यंत जाळं नेऊन फरपटवायची कुणाच्या दंडात ताकद नव्हती. आणि पावसाळा हे चौथं, सगळ्यांत मोठं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत दर्याकडे पाठ. ही कुलपं माणसानं लावली नव्हती, माणसाच्या हातांच्या मर्यादेनं लागली होती. हात जेवढं वल्हवू शकतात तेवढं लांब, हात जेवढं ओढू शकतात तेवढं मोठं जाळं. मासळीला त्यापलीकडे आसरा होता. बाबांच्या मशीननं एक कुलूप उघडलं, किल्ली फिरवताना त्यांना फक्त घरची चूल दिसत होती. त्यात चूक काय होती? आजही मला त्यात चूक सापडत नाही.

पण मग किल्ल्यांचा जुडगाच आला. ट्रॉलरनं तळ उघडला. त्याचं जाळं समुद्राच्या बुडावरून ओढत जातं, त्यात कोळंबीबरोबर जे जे तळाशी असतं ते सगळं येतं, अंडी धरलेली मादी येते, बोटाएवढी पिल्लंही येतात. पाण्याखालची मासळी पडद्यावर दाखवणाऱ्या फिशफाइंडरनं पाण्याला काच लावली. पर्ससीन आलं, त्याला बटव्याची उपमा अगदी तंतोतंत लागते. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची, आणि तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी यंत्रानं आवळायची की बटव्याचं तोंड बंद. थव्यातला एकही मासा खालून निसटत नाही. शेवटी एलईडी आले. जनरेटर लावून पाण्यात इतका प्रकाश सोडायचा की काळोखातली मासळी स्वतःहून जमते. आमच्या गच्चीवरून थंडीच्या रात्री क्षितिजावर तो पांढरा उजेड दिसायचा. पाहुण्यांना तो बंदरावरच्या दिव्यांसारखा सुंदर वाटायचा. बाबा तेव्हा आत जाऊन खिडकी लावून घ्यायचे.

कायदे आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे, म्हणजे माझ्या बाबांच्या मशीनपेक्षा जुना. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर, राज्याचं क्षेत्र. त्यापलीकडे केंद्राचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. पर्ससीनबाबत सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य शासनानं अधिसूचना काढली. परवाने कमी करत करत १८२ वर आणायचे आणि पर्ससीननं मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच करायची, असं त्यात ठरलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, ही तर तीच कुलपं आहेत. अंतराचं, रात्रीचं, पावसाचं. आधी ती आपोआप लागलेली असत, आता कागदावर लिहून लावावी लागतायत, आणि कागदाच्या कुलपाला पहारेकरी लागतो. गस्तीनौका थोड्या, समुद्र मोठा.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत भावानं रात्री कांडाळ, म्हणजे पाण्यात सोडून ठेवायची जाळी, सोडली होती, किनाऱ्यापासून फार लांब नाही. पहाटे गेला तर बोये वेगवेगळ्या दिशांना तरंगत होते. मोठ्या बोटीनं जाळ्यावरून ट्रॉल ओढत नेला होता. नव्या जाळ्याचे सगळे तुकडे गेले, फक्त टोकाची दोरी आणि शिशाचे थोडे गोळे हाती लागले. तो तक्रार द्यायला गेला. बोटीचा नंबर काय, असं विचारलं. काळोखात, बोटीवरचे दिवे विझवलेले, तो नंबर वाचणार कसा? तक्रार लिहून घेतली गेली, त्यापुढे काही झालं नाही. घरी येऊन त्यानं ते शिशाचे गोळे ओटीवर एका ओळीत मांडून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मी फोनवर होते. तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, चोर येतो तो निदान घर बघून तरी येतो."

हे लिहिताना मला एक गोष्ट दाबून ठेवायची नाही. पर्ससीनवाले आणि ट्रॉलरवाले कुठून परग्रहावरून आलेले नाहीत. आमच्याच किनाऱ्यावरचे, कधी आमच्याच नात्यातले. त्यांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे, डिझेलचा खर्च आहे, बर्फ आहे, खलाशांचा पगार आहे. एवढी मोठी बोट रिकामी परतली तर एका फेरीचा तोटा आमच्या छोट्या होडीच्या वर्षभराच्या कमाईएवढा. म्हणून ती लहान पिल्लंही उचलते, कारण माशांची भुकटी करणाऱ्या फिशमीलच्या कारखान्याला पिल्लू आणि मोठा मासा सारखाच, वजनावर. जाळं मोठं झालं की भूकही तेवढी मोठी होते. त्या भुकेला कुणा एकाच्या दुष्टपणाचं नाव देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बंदी मोडणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण बोटी कमी करायच्या तर त्या माणसांनी उद्या काय करायचं, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असायला हवं.

आणि माणसं. रापणीला चाळीस हात-जोड्या लागायच्या. भावाच्या फायबरच्या होडीत तिघं असतात. उरलेले सदतीस कुठे गेले? काही मुंबईला, काही गोव्याला हॉटेलांत, काहींनी माडाखाली दोन खोल्या बांधून पर्यटक ठेवायला सुरुवात केली, एक-दोघे स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे आहेत आणि चांगलं कमावतात. मोठ्या बोटींवर आता नेपाळहून आलेली मुलं खलाशी म्हणून राबतात. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता ती डोंगरातली मुलं आमचा समुद्र ओढतात, आणि आमची मुलं शहरांत जातात. सगळ्यांचं बरंच चाललंय, कुणी उपाशी नाही. पण काकींसारखी एखादी आज असती, तर ती सकाळी उठून कुठल्या दोरीला हात लावायला गेली असती? तीन माणसांच्या होडीत चौथ्याचा वाटा नसतो. त्याला पगार असतो, नाहीतर काहीच नसतं.

यंत्रांनी जीव वाचवलेत, हेही त्याच मापानं सांगायला हवं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं, कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. त्या रात्री आमच्या वाडीतल्या बायका कंदील घेऊन वाळूवर उभ्या होत्या, जणू कंदिलाचा उजेड पंचवीस मैलांवर पोचणार होता. आज भावाच्या मोबाइलवर इन्कॉईस या हैदराबादच्या समुद्र-माहिती केंद्राचे इशारे येतात, लाटा किती उंच, वारा किती, मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून ते सांगतो. २०२४ पासून बोटींवर इस्रोनं बनवलेले ट्रान्सपाँडर बसवायला सुरुवात झालीय, मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणाहूनही संदेश पाठवता येतो. हे सगळं नको म्हणणारी मी कोण? त्या कंदिलांपेक्षा हे हजार पटीनं बरं. मात्र पूर्वी वाळूवर उभा राहून पाण्याचा रंग वाचणारा माणूस आता लागत नाही, आणि त्याच्याबरोबर ते वाचणंही गेलं. भाऊ म्हणतो, "ताई, स्क्रीनवर मासो दिसता, पण गावना नाय." मासा दिसण्याचं यंत्र आहे, मासा असण्याचं नाही.

गेल्या डिसेंबरात मी भावाबरोबर पहिल्यांदा होडीतून बाहेर गेले. बायकांनी होडीत बसू नये असा आमच्याकडचा जुना नेम. बाबा असते तर नेलं नसतं. पहाटे साडेचारला निघालो. होडीच्या मध्यभागी प्लास्टिकच्या डब्यात जीपीएस, त्याचा निळसर उजेड भावाच्या हनुवटीवर. त्या यंत्रात मराठी अक्षरं नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत ठिकाणं लिहिली होती. मी वाचायला लागले. आजो १. आजो २. आजो ३.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, हे जीपीएस २००८ साली घेतलं तेव्हा आजोबांना सोबत घेऊन गेलो होतो.

आजोबा ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या डोक्यात पाण्याखालचे खडप, म्हणजे मासळीच्या खडकाळ जागा, साठलेले. देवळाचा कळस मागच्या डोंगरावरच्या एकट्या झाडाला लागला आणि दुसरीकडे किल्ल्याचा बुरूज अमुक खडकाआड गेला, की होडीच्या बरोब्बर खाली खडप. अशा दोन-दोन रेषा मिळवून त्यांनी आयुष्यभर दर्या मोजला होता. ते झाड नंतर तोडलं गेलं, कळस नव्या इमारतीआड गेला, पण आजोबांना त्या रेषा तरीही दिसत होत्या. डिसेंबरातल्या एका सपाट सकाळी भावानं त्यांना होडीत बसवलं, कानाला मफलर बांधून. आजोबा हात वर करून म्हणायचे, "हयसर." भाऊ बटण दाबायचा. आणखी पुढे. "हयसर." पुन्हा बटण. ज्या हातानं कधी कुणाला बोट दाखवून जागा सांगितली नव्हती, त्या हातानं त्यांनी एका सकाळी अकरा जागा दाखवल्या. यंत्रात त्या अकराही आहेत.

"बारावी एक होती," भाऊ म्हणाला. "परत येताना ते मध्येच गप्प झाले, पाण्याकडे बघत राहिले. मी बटणावर बोट ठेवून विचारलं, हयसर? तर मान हलवली. म्हणाले, ता ऱ्हवांदे."

ते राहू दे.

आम्ही जाळं ओढलं. तीन-चार सौंदाळे, थोडे बांगडे, एक सुरमईचं पिल्लू. भावानं पिल्लू तळहातावर आडवं धरलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणून पाहिली आणि परत पाण्यात सोडलं. मागून येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात ते सापडेल हे त्यालाही माहीत होतं. तरी सोडलं. ऊन वर आलं होतं, आम्ही परत फिरलो.

किनारा दिसायला लागल्यावर एका ठिकाणी फिशफाइंडरवरची तळाची रेघ अचानक वर उसळली, आणि तिच्यावर दाट लाल ठिपके. मी काही बोलले नाही. भावाचा एक हात मशीनवर होता, दुसरा मांडीवर. जीपीएसचं बटण त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं. होडी त्या जागेवरून सरकली, रेघ खाली गेली, ठिपके गेले. त्यानं तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि विचारलं, "चाय घेतलंस काय गे थर्मासात?"